जुन्या एचएमटीला थ्री-पॉइंट लिंकेज बसवताना

नागपूरजवळच्या कळमेश्वर तालुक्यातील आमच्या वावरात १९९० च्या दशकातला, ३५ अश्वशक्तीचा एचएमटी ट्रॅक्टर आहे. बाबांनी शेती थांबवल्यावर काही वर्षे तो विटा आणि गिट्टी वाहण्यासाठी भाड्याने दिलेला होता. वळताना ट्रॉलीच्या दांडीला लागतात म्हणून भाड्याने घेणाऱ्याने मागचे दोन्ही खालचे दांडे, त्यांना लिफ्टच्या हातांशी जोडणारे लिफ्ट रॉड, वरचा तिसरा दांडा म्हणजे टॉप लिंक आणि साखळ्या, अशी अवजार तीन बिंदूंवर धरणारी सगळी थ्री-पॉइंट लिंकेज काढून ठेवली, आणि ती कुठे ठेवली हे पुढे कोणालाच सांगता आले नाही. ट्रॅक्टर परत आला तेव्हा इंजिन ठणठणीत होते, टायर बरे होते आणि मागची बाजू मात्र बोडकी होती. असा ट्रॅक्टर ट्रॉली ओढू शकतो; नांगर, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर उचलू शकत नाही.

शेती मी हातात घेतल्यावर पहिली दोन वर्षे नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतली. यंदा मार्चअखेर गावातील दर एकरी १,८०० रुपयांवर गेला आणि नऊ एकरांचा हिशेब मांडल्यावर, दारात ट्रॅक्टर असताना हा खर्च का करावा, हा प्रश्न आईनेच विचारला. त्यानंतर जून उजाडेपर्यंत मी जे केले ते क्रमाने येथे लिहिते आहे, कारण या कामात पडलेल्या माणसाला कोणतेही दुकान सबंध माहिती देत नाही. प्रत्येक जण आपल्याकडे असलेला भाग तेवढा दाखवतो.

पहिली गोष्ट आमच्या मिस्त्रीकाकांनी सांगितली आणि ती सर्वांत मोलाची ठरली. मी दांड्यांची किंमत विचारायला गेले होते. ते म्हणाले, "ताई, आधी लिफ्ट पाहू. लिफ्टच उचलत नसन, तं दांडे घेऊन काय लोणचं घालता का?" थ्री-पॉइंट लिंकेज म्हणजे नुसती लोखंडी जोडणी असते. तिला वर उचलणारी हायड्रोलिक लिफ्ट ट्रॅक्टरच्या मागच्या घरात असते आणि तिचे दोन हात वरून बाहेर आलेले असतात. आमच्या ट्रॅक्टरचे ते हात शाबूत होते, परंतु कित्येक वर्षांत त्यांनी काही उचललेले नव्हते. काकांनी २०० लिटरचा ड्रम पाण्याने भरला, साखळीने दोन्ही हातांना बांधला आणि लिफ्ट वर घेतली. ड्रम उचलला गेला, पण इंजिन चालू असताना तो एकसारखा झटके देत दोन बोटे खाली येई आणि पुन्हा वर जाई. इंजिन बंद केल्यावर तर हळूहळू जमिनीवर टेकला. आतल्या सीलमधून तेल निसटत असल्याचे हे लक्षण असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिफ्ट उघडली. सील, तेल आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये लागले. त्यानंतर तोच ड्रम इंजिन बंद करून अर्धा तास टांगून ठेवला, तेव्हा तो जागचा हलला नाही. ज्यांना जुन्या ट्रॅक्टरसाठी दांडे घ्यायचे आहेत त्यांनी ही परीक्षा बाजारात जाण्यापूर्वी करावी. ड्रमखाली पाय किंवा हात घालू नये, हे सांगायला नको.

मग नवा संच मिळतो का याची चौकशी सुरू केली. एचएमटीचा पिंजोर येथील कारखाना १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या तंत्रज्ञानावर ट्रॅक्टर बनवीत होता आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कंपनीचा नवा माल दुकानात सापडणे ही आता नशिबाची गोष्ट झाली आहे. नागपुरात हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, त्यामुळे की काय, महिंद्राचा कोणताही सुटा भाग मागितला की काउंटरवर येतो. एचएमटीचे नाव काढले की दुकानदार आधी आपल्या गड्याकडे पाहतो आणि मग छताकडे. बाजारात मिळतो तो बहुतेक लुधियानाकडून येणारा, कंपनीबाहेरचा माल. एका दुकानाने पूर्ण संचाचे १३,५०० रुपये सांगितले, सगळी रक्कम आगाऊ आणि तीन आठवड्यांची वाट. "बसला नाही तर परत घ्याल का?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

अनुदानाचाही विचार करून पाहिला. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ट्रॅक्टरचलित अवजारांसाठी अर्ज करता येतो, त्यासाठी ट्रॅक्टरचे आर.सी. बुक घरातील व्यक्तीच्या नावावर असावे लागते, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. परंतु हे सारे नव्या अवजारांसाठी आहे. जुना माल त्यात बसत नाही, हे कृषी कार्यालयातील बाईंनी दोन मिनिटांत आणि अगदी सौजन्याने सांगितले. तिथे गेल्याचा फायदा इतकाच झाला की आमच्या आर.सी.ची मुदत संपत आल्याचे लक्षात आले. पंधरा वर्षांनंतर होणारे नूतनीकरण बाबांनी पूर्वी करून घेतले होते, आता पुन्हा नमुना २५ भरून, ट्रॅक्टर तपासणीला नेऊन ते करावे लागेल. रोटाव्हेटरसाठी पुढे अर्ज करायचा असेल तर हे काम आधी हवे.

जुना माल घ्यायचा तर मोजमाप स्वतःजवळ हवे. येथे मला एक गोष्ट कळली, जिच्यामुळे पुढची सगळी खरेदी सोपी झाली आणि जी एकाही विक्रेत्याने आपणहून सांगितली नाही. थ्री-पॉइंट लिंकेजच्या मापांचे मानक आहे. भारतात ते आयएस ४४६८ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात ट्रॅक्टरच्या ताकदीनुसार श्रेणी केलेल्या आहेत: श्रेणी १ साठी टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर आणि खालच्या पिना २२ मिलिमीटर, तर श्रेणी २ साठी अनुक्रमे सुमारे २५ आणि २८ मिलिमीटर अशी मापे आहेत. खालच्या दोन जोडबिंदूंमधील अंतर पहिल्या श्रेणीत ६८३ आणि दुसऱ्या श्रेणीत ८२५ मिलिमीटर असते. म्हणूनच श्रेणी एकच असेल तर कोणत्याही कारखान्याचा नांगर कोणत्याही ट्रॅक्टरला जोडता येतो. पण ही सगळी एकवाक्यता अवजाराच्या टोकाला आहे. दांड्याचे दुसरे, म्हणजे पुढचे टोक, जे ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या खुंटीवर बसते, ते ज्या त्या कंपनीने आपापल्या सोयीने केलेले असते. खुंटीची जाडी, दोन खुंट्यांमधील अंतर, दांड्याची लांबी, लिफ्ट रॉड जिथे अडकतो त्या भोकाची जागा, हे सारे वेगळे असू शकते. दुकानदार "श्रेणी २ चा आहे, लागून जाते" असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो फक्त मागच्या टोकाविषयी बोलत असतो, आणि आपली अडचण पुढच्या टोकाला असते.

म्हणून मी ट्रॅक्टरखाली जाऊन पुढच्या टोकाची मापे घेतली. त्यासाठी व्हर्निअर कॅलिपर ४५० रुपयांना विकत घेतला. फुटपट्टीने पिनेची जाडी मोजण्यात अर्थ नाही, कारण येथे एका मिलिमीटरनेही काम अडते. दोन्ही खुंट्या जिथे घासल्या होत्या तिथे आणि जिथे घासल्या नव्हत्या तिथे, अशा दोन्ही जागी मापल्या. खुंटीपासून मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर, लिफ्टच्या हाताच्या टोकाची पूर्ण खाली आणि पूर्ण वर असतानाची उंची, टॉप लिंकच्या ब्रॅकेटमधील भोकाचा व्यास, हे सगळे एका पुठ्ठ्यावर आकृती काढून लिहिले. घरची अवजारेही मोजली. बाबांच्या दोन फाळांच्या नांगराच्या पिना २२ च्या निघाल्या आणि कल्टिव्हेटरच्या २८ च्या. म्हणजे दांड्यांच्या मागच्या गोळ्या (टोकाला बसवलेले, फिरणारे आणि आरपार भोक असलेले लोखंडी गोळे) २८ च्या पिनेच्या हव्यात आणि नांगरासाठी आत बुश, म्हणजे भोक लहान करणारी नळी, घालायचे, हे तिथेच ठरले. मोठ्या भोकात बुश घालता येतो. लहान भोक मोठे करायला गेलो तर गोळी कमजोर होते.

पुठ्ठा घेऊन मी अक्षय्य तृतीयेनंतर बाजारात फिरू लागले. कामठी रोडवर एका ठिकाणी पाहिलेला संच निळ्या रंगात चकचकीत रंगवलेला होता. किंमत ५,००० सांगितली. रंग नवा आणि दांडा जुना असेल तर रंगाखाली काय आहे हे पाहायला हवे, असे काकांनी बजावलेले होते, म्हणून मी सोबत नेलेल्या पॉलिश पेपरने दांड्याच्या मधल्या भागावर थोडे घासले. रंगाखाली वेल्डिंगचा आडवा उंचवटा होता, म्हणजे दांडा एकदा मोडून जोडलेला होता. अवजार ओढताना सगळा ताण याच दांड्यांवर येतो. दुकानदार म्हणाला, "वेल्डिंग तर मूळ लोखंडापेक्षा मजबूत राहते." चांगल्या वेल्डरच्या हातून ते राहतही असेल, रंगाखाली लपवलेल्या वेल्डिंगविषयी माझे मत तितके उदार नाही. मी आभार मानून निघाले.

वाडीच्या पुढे, अमरावती रोडला, जुने ट्रॅक्टर घेऊन ते सुटे करून विकणारे एक जण मला मिळाले. त्यांच्या आवारात गिअर बॉक्स, रिम आणि बोनेट यांचे ढीग होते आणि दुपारच्या उन्हात त्या लोखंडाला हात लावणेही कठीण होते. मे महिन्यात या कामासाठी सकाळी आठलाच जावे आणि जाड हातमोजे न्यावेत. तिथे कंपनीबाहेरच्या बनावटीचा एक संच होता. तो दुसऱ्याच कंपनीच्या ट्रॅक्टरवरून उतरवलेला होता, पण गंज वरवरचा होता आणि रंग मुळीच दिलेला नव्हता, ही मला चांगली खूण वाटली.

दोन दांडे सारखे आहेत का, हे पाहण्याची युक्ती तिथल्या कामगाराने दाखवली. त्याने दोन्ही दांडे शेजारी शेजारी उभे धरले, पुढच्या दोन्ही गोळ्यांतून एकच सरळ गज आरपार घातला आणि त्या गजावर दांडे खाली लोंबकळू दिले. मागच्या गोळ्यांची भोके एकासमोर एक आली तर लांबी सारखी असते. एक भोक वर आणि एक खाली दिसले तर एक दांडा वाकलेला किंवा ताणलेला असतो. आमची भोके समोरासमोर आली. मग प्रत्येक गोळी हाताने फिरवून पाहिली. ती सगळ्या दिशांना फिरावी, पण खडखडू नये. चारपैकी तीन ठीक होत्या. चौथी आपल्या खोबणीत इतकी सैल झाली होती की दांडा हलवला की तिचा टकटक आवाज येई. भोक गोल राहिले आहे की लांबट झाले आहे, हे पाहण्यासाठी कॅलिपर आडवा आणि उभा असा दोनदा लावावा. लिफ्ट रॉडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून हाताने पूर्ण फिरवले. टॉप लिंकच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, मधली नळी फिरवली की दोन्ही बाजूंनी लांबी कमी-जास्त होते. ती नळी गंजून अडकलेली असेल तर सोडवताना आटे जातात, म्हणून ती तिथल्या तिथे फिरवून घेतली. उजव्या लिफ्ट रॉडची लांबी कमी-जास्त करणाऱ्या लेव्हलिंग बॉक्सची मूठ नव्हती, पण गिअर बरे होते.

पुठ्ठ्यावरच्या मापांशी पडताळले तेव्हा दांड्याची लांबी आणि लिफ्ट रॉडची जागा जवळपास जुळली. पुढच्या गोळीचे भोक मात्र आमच्या खुंटीपेक्षा सहा मिलिमीटर मोठे होते. हा फरक उलटा, म्हणजे भोक लहान आणि खुंटी मोठी असा असता, तर मी तो संच सोडून दिला असता. त्यांनी ९,००० सांगितले, सैल गोळी आणि नसलेली मूठ दाखवून बोलणे ६,५०० वर आले.

पैसे देण्यापूर्वी मी दोन कागद मागितले: मालाचे वर्णन, तारीख, विक्रेत्याचे नाव आणि पत्ता असलेली सही केलेली पावती, आणि ज्या ट्रॅक्टरचा हा माल आहे त्याच्या आर.सी.ची किंवा खरेदीच्या कागदाची छायाप्रत. ते जरा नाराज झाले. "आर.सी. काहाले पाहिजे ताई? चोरीचा माल नाही न आपल्याकडं." मी म्हणाले, "भाऊ, तुमच्यावर संशय नाही, पण उद्या कोणी मला विचारलं तर माझ्याकडे काय राहील?" ट्रॅक्टर आणि त्यांचे भाग चोरीला जातात आणि चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे, म्हणून जुना माल घेणाऱ्याने हा संकोच बाळगू नये. मी ५०० रुपये विसार दिला. छायाप्रत दुसऱ्या भागीदाराकडे होती आणि तो लग्नाला बालाघाटला गेलेला होता, त्यामुळे आठवडाभर फोन करीत बसावे लागले. शेवटी १९ मे रोजी कागद आला, उरलेले पैसे दिले आणि पावती घेतली. पावती ५,००० रुपयांवरची असल्याने तिच्यावर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे लागते. ते त्यांच्याकडे नव्हते, माझ्या पर्समध्ये होते. माल कॉटन मार्केटात भाजी उतरवून परत जाणाऱ्या आमच्याच गावच्या गाडीने ३०० रुपयांत घरी पोचला.

पुढच्या गोळ्यांसाठी हिंगण्याच्या एका लहान लेथवाल्याकडून दोन पोलादी बुश बनवून घेतले, ६०० रुपये. त्याच्याकडे नुसते माप सांगून चालत नाही. मी एक दांडा आणि खुंटीच्या जाडीचा कापलेला गज असे दोन्ही नेले होते, म्हणून बुश पहिल्याच वेळी बसले. सैल गोळी कापून नवी वेल्ड करून घेतली, ४५० रुपये. साखळ्या मात्र नव्याच घेतल्या, ९०० रुपये. जुन्या साखळीची कडी आतून किती झिजली आहे हे दिसत नाही आणि या दोन साखळ्यांच्या भरवशावरच अवजार टायरला घासत नाही. पिना, नांगरासाठी बुश आणि पिना निसटू नयेत म्हणून लावायच्या लिंच पिना मिळून ३८० रुपये झाले.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला त्या आठवड्यात जोडणी केली. काकांची मजुरी १,२०० रुपये. दांडे, लिफ्ट रॉड, साखळ्या सकाळीच बसल्या. वेळ खाल्ला तो बारीक जुळवणीने. लिफ्ट पूर्ण वर घेतल्यावर उजवा दांडा टायरला बोटभर अंतरावर येत होता. डाव्या बाजूची साखळी दोन वळसे सैल आणि उजवीकडची आवळून अवजार मध्यावर आणले. नांगराला साखळ्या थोड्या ढिल्या लागतात, म्हणजे तो आपल्या तासात (फाळाने पडणाऱ्या सरीत) सरळ चालतो. रोटाव्हेटरला आणि रस्त्याने नेताना त्या ताणलेल्या हव्यात. डावा लिफ्ट रॉड ठरावीक लांबीवर ठेवून उजवा लेव्हलिंग बॉक्सने कमी-जास्त करायचा असतो, कारण नांगरताना उजवी चाके आधीच्या तासात खाली चालतात आणि ट्रॅक्टर कलतो. मुठीऐवजी सध्या एक पाना कायमचा लावलेला आहे.

त्याच दिवशी शेजाऱ्यांची ट्रॉली फसली आणि त्यांच्या मुलाने साखळी सरळ आमच्या टॉप लिंकच्या ब्रॅकेटला अडकवायला घेतली. काका धावत आले. त्यांनी मुलाला समजावले ते येथे लिहावेसे वाटते. हॅरी फर्ग्युसन या अभियंत्याने १९२० च्या दशकात या जोडणीचे पेटंट घेतले, त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की चाके फिरत राहत आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटत असे. वरचा तिसरा दांडा आल्यावर नांगरावर येणारा जोर ट्रॅक्टरचे पुढचे टोक खाली दाबू लागला. परंतु वरच्या ब्रॅकेटला साखळी बांधून ओढले तर तोच जुना धोका परत येतो, कारण ओढ मागच्या धुऱ्याच्या वर जाते. ओढायचे ते नेहमी खालच्या हुकाने. मुलाने साखळी काढून खाली अडकवली.

३१ मे रोजी संध्याकाळी नांगर लावून कडेचे दोन तास घेतले. पहिल्या तासात फाळ नाकाने रुतत होता. टॉप लिंक तीन आटे लांब केल्यावर मागचा फाळही बरोबरीने शिरू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम चालू झाले आणि पावसाआधी नऊही एकर झाले. मधे एकदा डाव्या बाजूची लिंच पिन पडली. ती लगेच दिसली म्हणून दांडा निसटला नाही.

खर्चाचा हिशेब असा की लिफ्टची दुरुस्ती धरून १३,७३० रुपये झाले, ती सोडली तर १०,३३०, कॅलिपर वेगळा. नव्या संचाला १३,५०० आणि वर जोडणीची मजुरी लागली असती, बुश कदाचित त्यालाही लागले असते. म्हणजे वाचले ते चार-पाच हजार, आणि त्यासाठी मे महिन्यातले कितीतरी दिवस उन्हात गेले. ज्यांच्या ट्रॅक्टरचा नवा संच जवळच्या दुकानात तयार मिळतो, त्यांनी जुन्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. बंद पडलेल्या कंपनीच्या ट्रॅक्टरला हा पर्याय उरत नाही.

लिंच पिना आता डझनाने घेऊन ठेवल्या आहेत. आर.सी.च्या नूतनीकरणासाठी ग्रामीण आरटीओची तारीख ऑगस्टमधली मिळाली आहे. त्याआधी मागचा दिवा आणि इंडिकेटर दुरुस्त करायचे आहेत.